कड्यावरची सात मोहोळं

लिहून ठेवणार हौशीराम राघू टेमगिरे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा शेती, पूर्वी लोणावळ्यास हिरड्याच्या वखारीत कारकून, राहणार मौजे गारमाळ, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

माझी बुद्धी शाबूत आहे, डोळ्यांना अक्षर दिसते, आणि आज सकाळपासून मी चहाखेरीज काही घेतलेले नाही. कोणी भरीस घातले असे पुढे म्हणावे, तर भरीस घालायला गावात माणूस नाही. गारमाळात एके काळी एकोणीस चुली पेटत. आज दोन पेटतात, एक माझी आणि एक ओढ्यापलीकडच्या रतनबाईची. तेव्हा लिहितो ते माझे मीच लिहितो. माझ्या मागे खालीलप्रमाणे व्हावे.

कलम पहिले. राहते घर, परसातला फणस आणि भांडीकुंडी रतनबाईला द्यावी. तिचे छप्पर दोन पावसाळे गळते आहे आणि ती बोलून दाखवत नाही. गेल्या माघात मला ताप भरला तेव्हा तिने पेज आणून उंबऱ्यावर ठेवली आणि विचारले, "मेलास का रं, हौशा?" माझ्याशी रोज बोलणारे जगात हे एवढे एकच माणूस उरले आहे, आणि तेही शिव्या देते. एखाद्या दिवशी तिची शिवी आली नाही तर मला जेवण जात नाही.

कलम दुसरे. माझ्या सरणाला पडलेलेच लाकूड घ्यावे, उभ्या झाडाला हात लावू नये. सरण कड्याखाली रचू नये. ओढ्याच्या खालच्या अंगाला रचावे, आणि पेटवण्याआधी मूठभर पाला पेटवून वारा कुठे जातो ते पाहावे. वारा कड्याकडे असेल तर मला दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवावे. मी काही उठून जाणार नाही. ही अट वेडगळ वाटेल, म्हणून तिचे कारण पुढच्या कलमात लिहितो. ते आजवर कोणाला सांगितलेले नाही.

कलम तिसरे. कड्याखालची माझी उताराची वरकस जमीन, तीवरचे अकरा हिरडे आणि कडा यांविषयी.

या कड्याला पूर्वी एकतीस आग्यामोहोळं असत. माझा धाकटा भाऊ महिपती दरसाल दोर लावून उतरे. तीन मोहोळांतले एकच कापी, आणि तेही अर्धे. "समदं घेतलं तर फुडल्या साली कुनाकडं मागाया जाशील?" असे म्हणे. मी वखारीतला शिकलेला माणूस, मला त्याचे हसू येई.

शके १८४१ च्या चैत्रात भाताच्या रोपासाठी मी राब भाजायला काढला. ऐनाच्या फांद्या, पाला, शेण सगळे वाफ्यावर रचून झाले होते. महिपती म्हणाला, "दादा, वारं कड्याकडं हाय. आज नगं. उद्या पेटवू." मला दुसऱ्या दिवशी वखारीत हजर व्हायचे होते. मी पेटवला. धूर सरळ कड्याला जाऊन भिडला आणि माशा उठल्या. खाली हिरड्याच्या सावलीत माझी बायको अंबूबाई पाल्याचे भारे बांधत होती. तिला घोंगडीत गुंडाळून घरी आणली. दिवस मावळायच्या आत ती गेली.

गाव गोळा झाले तेव्हा मी सांगितले की, सकाळी महिपतीने मध काढताना माशा चवताळून ठेवल्या होत्या. हे खोटे आहे. महिपती त्या दिवशी कड्यावर गेलाच नव्हता. धूर माझा होता. गावाने माझे ऐकले, कारण मला लिहितावाचता येत होते. महिपती एक शब्द बोलला नाही. तेरावा झाल्यावर बायकामुले घेऊन सुदुंबऱ्याला सासुरवाडीस निघून गेला.

मग मी बांबूंना चिंध्या बांधून मशाली केल्या आणि अमावस्येच्या संध्याकाळी सबंध कडा जाळला. गाव मदतीला होतेच. सकाळी कड्याखाली मेलेल्या माशांत घोटा बुडत होता. मला तेव्हा बरे वाटले होते, तेही लिहून ठेवतो.

पुढच्या वैशाखात हिरडा नेहमीसारखा फुलला, पण फळ धरेना. त्याच्या पुढच्या सालीही तेच. गावाचे मीठमिरची वाळवून विकलेल्या कोवळ्या बाळहिरड्यावर चाले, लोक हवालदिल झाले. एकट्या रतनबाईच्या घरामागचे झाड लगडायचे. बाईने करणी केली, अशी कुजबूज झाली. एकदा कुदळ मागायला गेलो तेव्हा पाहिले, तिच्या दगडी भिंतीच्या फटीत सातेरी जातीच्या लहान मधमाशांचे घर होते आणि त्या झाडावर जाऊन येऊन होत्या. फूल झाडाला येते, पण त्याचे फळ माशी करते, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिथे उभ्या उभ्या कळले. कळूनही मी गावाला सांगितले नाही. सांगितले असते तर कडा का जाळला इथवर बोलणे गेले असते, आणि तिथून राबापर्यंत.

लोक म्हणाले, वांझ झाडे ठेवायची कशाला? अंबूबाईला मूल नव्हते. तिलाही याच लोकांनी हाच शब्द लावला होता, तो मी अजून विसरलेलो नाही. झाडे कोळशाच्या भट्टीत गेली. डोंगर उघडा पडला, पावसाने माती खाचरांत आणून लोटली, आणि ज्येष्ठापर्यंत पुरणारा झरा शिमग्यालाच आटू लागला. मग एकेक घर उतरले. कोणी तुंगार्लीच्या बंगल्यांवर माळी झाले, कोणी रेल्वेत गँगवर लागले. मला "राहा" म्हणायला तोंड नव्हते.

सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी या बावीस वर्षांत तीनदा फुलली. पहिल्या दोन्ही वेळा डोंगर जांभळा झाला, पण त्यावर आवाज म्हणून नव्हता. मी त्यातून हिंडायचो आणि परत येऊन एकट्यापुरती भाकरी थापायचो. तिसऱ्या वेळी, चार वर्षांमागे, दिवाळीच्या सुमारास कड्याला एक मोहोळ लागले. मी दगडावर बसून पोटभर रडलो. आज सात आहेत. मी हट्टाने राखलेल्या अकरा हिरड्यांना गेल्या साली फळ धरले.

लोणावळ्याचा एक मधाचा व्यापारी दोनदा येऊन गेला. धुराचे डबे लावून एका दिवसात कडा मोकळा करतो म्हणतो. मी आहे तोवर ठीक. माझ्या मागे त्याला कोण अडवणार? म्हणून ही जमीन मी महिपतीला देतो. अट एवढीच, की कड्याखाली आग नाही आणि हिरड्याला कुऱ्हाड नाही. मध घ्यायचा तर त्याच्या जुन्या रीतीने. त्याने नाकारली तर याच अटीवर रतनबाईला, आणि तिच्या मागे ती सांगेल त्याला.

कलम चौथे. वडगावच्या दस्तलेखकाने सांगितले की साक्षी दोन लागतात, आणि ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष करू नये. पलीकडल्या वाडीला टपाल नेणारा दत्तोबा एक साक्ष करील. रतनबाई म्हणाली, "मग मला घर नगं, मी आंगठा करते." तिला गप्प बसवले. दुसरी जागा कोरी ठेवतो. महिपतीला आज दत्तोबाहाती पत्र धाडले आहे. तो येईल अशी आशा धरण्याचा मला हक्क नाही.

पुरवणी, आठ दिवसांनी.

आज दत्तोबाबरोबर महिपती आला. केस सगळे पांढरे. त्याला वाचता येत नाही, म्हणून दत्तोबा आणि रतनबाईसमक्ष मी सर्व कलमे वाचून दाखवली. तिसऱ्याच्या मध्यावर मी कागद खाली ठेवला. तो म्हणाला, "वाच, दादा. मला ठावं हाय. धूर कुटनं उठला त्ये मी बांधावरनं बघितलं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"वयनी गेली व्हती. तुला कुनावर तरी रागवाया पायजेल व्हतं. वाटलं, चार म्हैन्यांनी बोलावशील." मग पायाकडे बघत म्हणाला, "मी लय वाट बघितली, दादा."

मी कागद उचलून उरलेले वाचून काढले.

जमीन त्याने नाकारली. "ती रतनमावशीला लिव. साक्ष मी करतो. त्या दिशी मला कुनी इचारलंच न्हवतं." तेव्हा कलम तिसऱ्यातील जमीन ठरल्याप्रमाणे रतनबाईला जावी. मधाचा दोर मी बावीस वर्षे तेल लावून ठेवला होता, तो हयातीतच त्याच्या हातात दिला आहे.

त्याला दिवसाउजेडी उतरायचे आहे, सुदुंबऱ्याला नातवंडे आहेत. निघण्याआधी तो ओढ्याच्या वळणावरून कडा पाहून आला. आठवे मोहोळ कपारीच्या आड आहे, ते माझ्या ओट्यावरून दिसत नाही. सबब वर जेथे सात लिहिले आहे तेथे आठ वाचावे.

मुक्काम गारमाळ, चैत्र वद्य पंचमी शके १८६३, बुधवार, तारीख १६ एप्रिल १९४१.

सही: हौशीराम राघू टेमगिरे, दस्तुरखुद्द

साक्ष: दत्तोबा नामदेव गायखे, टपालवाला, लोणावळे

साक्ष: महिपती राघू टेमगिरे, राहणार सुदुंबरे, लिहून ठेवणाराचा सख्खा भाऊ, निशाणी डाव्या हाताचा अंगठा