खाजणची एकही कॅसेट घरात नाही

८ नोव्हेंबर १९९८

धाकू आज पुन्हा खोकला. नेमका तिसऱ्या कडव्यात! परत पहिल्यापासून. हारुन म्हणाला, "राहू दे की गो, बरा वाटतोय तो खोकला." राहू देणार नाही. गाण्यात कबुतरं चालतील, रस्त्यावरची रिक्षा चालेल, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला भोंगा तर हवाच — पण धाकूचा खोकला नाही. तो मुद्दाम खोकतो. माझं तोंड कसं होतं ते बघायला.

जागा मात्र झकास मिळाली. धाकूचा मामा बंद काजू फॅक्टरीचा राखणदार आहे, रविवारी किल्ली देतो. भाजायची खोली रिकामी आहे. मधोमध टेप ठेवायचा, हारुनने समोर बसायचं, धाकूने मृदंग घेऊन पार दारापाशी. जवळ आला की सगळं गाणं खातो.

नाव ठरलं — खाजण. भरतीचं पाणी शिरतं ती खारी जमीन. धड शेत नाही, धड समुद्र नाही. मी सुचवलं म्हणजे ठरलं. हारुन गातो आणि गिटार वाजवतो, धाकूचा मृदंग, शब्द माझे. बटणंही मीच दाबते. देवाने मला गळा दिला नाही, कान दिला. दिवसभर वाचनालयात पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि संध्याकाळी लिहायचं. रत्नागिरीत असं कोणी करत नाही. मुंबईत तरी कोण करतंय?

१५ नोव्हेंबर १९९८

पहिली कॅसेट तयार आणि लगेच तिघांनी मागितली. आता आली का पंचाईत? टेप एकच, हारुनने मस्कतहून आणलेला. कॅसेटवरून कॅसेट काढायची तर दोन लागतात. बाजारातला दुकानवाला काढून देईल, पण त्याच्या यंत्रातून हारुनचा आवाज मांजरासारखा येतो. ऐकून बघितलं.

मग मीच म्हटलं — प्रत्येकासाठी नव्याने गायचं.

"म्हणजे दहा माणसं तर दहा वेळा?" हारुन.

"मग? मिरकरवाड्यात कालची मासळी आजच्या गिऱ्हाइकाला दिलेली खपते का?"

हे त्याला पटलं. जन्म मासळीत गेलाय त्याचा. इंजिनं दुरुस्त करतो तीही मच्छीमार बोटींची. धाकू म्हणाला, "मानूस बघून गाना. भटजी पन तसाच करतो." टवाळ मेला. पण बरोबर बोलला — सुरुवातीला माणसाचं नाव घ्यायचं. "ही कॅसेट अमक्यासाठी," आणि मग गाणी. नियम झाला.

३ जानेवारी १९९९

तीन झाल्या आज. हारुनचा घसा बसला. हफीजाचाचींनी, म्हणजे त्याच्या आईने, सुंठीचा काढा पाठवला आणि मला निरोप — "त्या बाईला सांग, माझं पोर म्हणजे रेडिओ नव्हे."

१४ ऑगस्ट १९९९

साहित्यप्रेमींच्या बैठकीत गायलो. मी दोघांना आधी सांगितलं होतं, हसू नका आणि घाबरू नका. 'सौंदाळा' म्हटलं, आमच्याकडच्या मासळीवरचं:

कोशात शोधला सौंदाळा,
सापडला नाही.
कोश लिहिणारा कधी
जेवायला आला नाही.

पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "यात काव्य कुठे आहे? ही तर तक्रार आहे." मी म्हटलं, "हो, आहे. नोंदवून घ्या." धाकू इतका हसला की पुढच्या गाण्याचा ताल धरायलाच विसरला. परत येताना त्याला रिक्षात बसू दिलं नाही, चालत ये म्हटलं. आला चालत. वर शिट्टी वाजवत.

पण मागे बसलेल्या चार कॉलेजच्या मुलींनी कॅसेट मागितली. चार! त्या गृहस्थांच्या कवितासंग्रहाला वाचनालयात दोन वर्षांत एक वाचक मिळालाय. तोही त्यांचा मेहुणा.

२० फेब्रुवारी २०००

मुंबईहून माणूस आला होता, कॅसेट कंपनीचा. कोणाकडे तरी ऐकली म्हणे. पायात पांढरे बूट. फॅक्टरीत कुठे पाय ठेवावा कळेना त्याला.

"ओरिजिनल कुठाय?"

"नाही."

"म्हणजे? कोणाकडे दिलीय?"

"नाहीच. प्रत्येकाची ओरिजिनल."

आधी हसला. मग त्याला कळलं. म्हणाला, स्टुडिओत या, एकदाच गा, हजार कॉपी काढू. हारुनने विचारलं, "कोणाच्या नावाने गायचं?" तो म्हणाला, "सगळ्यांच्या." हारुनने मान हलवली. "सगळे म्हणजे कोण? मला तोंड दिसल्याशिवाय आवाज निघत नाही."

जाता जाता म्हणतो, "मॅडम, एक तरी स्वतःसाठी ठेवा. उद्या काय होईल सांगता येतं?"

म्हटलं, "गाणारा चार हातांवर बसलाय. कॅसेट कशाला ठेवू?" चांगला टोला बसला त्याला.

६ मे २००१

दुसऱ्या कॅसेटची गाणी पूर्ण! 'भूगोलाचं पुस्तक', 'तांडेलाची बायको', 'शाळेतली फळी' — पहिल्या दहांपेक्षा कितीतरी वरची. मी लिहिलं म्हणून म्हणत नाही. हो, म्हणून म्हणतेय.

आता लोक फॅक्टरीच्या पत्त्यावर कार्डं टाकतात. मामा ती काजूच्या रिकाम्या डब्यात जमवून ठेवतो. एकाने लिहिलंय, माझ्या वडिलांच्या नावाने गा, ते गेले पण चालेल का? चालेल. हारुनने ती सगळ्यात सुंदर गायली. मी बटण दाबून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

९ डिसेंबर २००२

हारुनचा आवाज फाटतोय. वरचा सूर लागत नाही. म्हणतो, डिझेलच्या धुराने. काढा, हळद, मध, सगळं झालं. मी शब्दांच्या जागा बदलून सूर खाली आणला. होईल बरा. ठणठणीत माणूस आहे.

११ मे २००३

अजून तसाच. गाणं बंद. धाकू रविवारी येतो, मृदंगाला शाई लावत बसतो आणि जातो.

२ ऑक्टोबर २००३

मिरजेला नेलं. घशात गाठ निघाली. वाईट. स्वरयंत्र काढलं.

हफीजाचाची हॉस्पिटलच्या पायरीवर बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, जीव वाचतोय ना? मग बस झालं." बस झालं, मीही म्हटलं. मग बाहेर जाऊन रडले.

ऑपरेशनच्या आधी टेप नेऊ का विचारलं. हारुनने घोगऱ्या आवाजात सांगितलं, "हा आवाज नको. आधीचा कोणाकडे तरी असेल की. इतक्यांना वाटला." शेवटचं वाक्य मला बोललेलं. आता आठवून लिहितेय, म्हणजे विसरायला नको.

१८ जानेवारी २००४

हारुन घरी आलाय. बरा आहे. पाटीवर लिहितो. अक्षर भयंकर — शाळेत काय करत होता कोण जाणे.

आज त्याने लिहिलं: "एकदा ऐकायचं आहे. कसा होतो."

आणि आमच्या घरात खाजणची एकही कॅसेट नाही. त्याच्या घरात नाही, धाकूकडे नाही. मासळीवाल्याने घरी उपाशी राहावं तशी गत. ठीक. शोधून काढीन. माणसं काय समुद्रात बुडाली नाहीत.

२५ जानेवारी २००४

ऋत्विककडे गेले. बँकेत आहे, पहिल्या तिघांतला. त्याने त्यावर इंग्रजी बोलायचे धडे भरून घेतलेत! म्हणे, कोरी मिळाली नाही. त्यातल्या त्यात शेवटी पाच मिनिटं उरली होती. लावून ऐकलं. नुसता मृदंग, आणि तोही संपत आलेला.

१ फेब्रुवारी २००४

चार मुलींपैकी तिघींची लग्नं झाली, कुठे गेल्या माहीत नाही. चौथीची सापडली. डबी उघडली तर फितीवर पांढरी बुरशी, पुसली तर तुटली. आमच्या हवेत चामड्याच्या चपला टिकत नाहीत, फीत कुठून टिकणार?

हारुनचा मावसभाऊ अद्नान कुवेतला असतो. त्याला फोन लावला. "होती, दिशाबाई. गाडीत ठेवली, काचेपाशी. इथला उन्हाळा तुम्हाला काय सांगू? पापड झाला."

२२ फेब्रुवारी २००४

वडिलांच्या नावाने मागणारा सापडला, लांज्याला. त्याने कॅसेट वडिलांच्या फोटोखाली ठेवली होती, दरवर्षी तिथीला लावायचा. मागच्या पावसात भिंत ओली झाली आणि सगळंच गेलं. त्याने मला चहा दिला आणि माफी मागितली. माझी! मला त्याच्याकडे बघवेना.

धाकू सगळीकडे बरोबर येतो, सुट्टी टाकून. त्याला म्हटलं, "एवढी आवड कधीपासून?" तर म्हणे, "तू एकटी गेलीस तर लोकांना मारशील." खरंय.

१४ मार्च २००४

सापडली!

मिरजोळ्याच्या सावित्रीबाई. चाळीस वर्षं गावात बाळंतपणं केली, आता डोळे गेले. रोज जेवणानंतर दोन्ही बाजू ऐकतात. त्यांच्या सुनेने टेपला कापडाचं झबलं शिवलंय, कॅसेटची डबी तांदळाच्या डब्यात. म्हणून बुरशी नाही. केवढी अक्कल!

"द्यायची नाही हो मी," बाई म्हणाल्या. "माझ्या नावाची आहे ती."

"नेत नाही. फक्त भरून घेते."

"माझ्यासमोर घ्या. आणि मध्ये कोणी बोलायचं नाही."

आपण दुसऱ्यांना घातलेला नियम आपल्याला कोणीतरी घालतंय, ऐकून बरं वाटलं.

१९ मार्च २००४

आज दोन टेप समोरासमोर ठेवले. एकातून वाजतंय, दुसऱ्यात भरतंय. मधे आम्ही चौघं मुकाट — बाई, सूनबाई, मी, धाकू. बाहेर कोंबडा ओरडला, तो आला असणार आत. येऊ दे.

"ही कॅसेट सावित्रीबाईंसाठी," आवाज बसका, पण हारुनचाच. मग गाणी.

देवा! तो असा गात होता आणि आम्ही वाटत सुटलो होतो. 'तांडेलाची बायको'मध्ये खालचा सूर इतका धरून ठेवलाय, इतका, की मला माझेच शब्द नवीन वाटले. असा खाली तो कधी उतरलेला आठवत नाही. ही केली कधी तेही आठवत नाही, इतक्या झाल्या. पण याहून चांगली एकही झाली नसणार. पैज लावते. मी फुटून रडले, आवाज न करता, नियम पाळून.

सावित्रीबाई ओठ हलवत होत्या. त्यांना सगळं पाठ आहे, बारीक तानेसकट.

धाकू एक अक्षर बोलला नाही. परत येतानाही नाही. एवढी वर्षं ओळखते, याचं तोंड बंद झालेलं आज प्रथम बघितलं. मित्राचा आवाज ऐकून कोणाचंही होईल. मी त्याच्या पाठीवर थोपटलं.

२२ मार्च २००४

तीन दिवस तीच लावतेय. वाचनालयातून धावत घरी. आईने विचारलं, जेवणार आहेस की गाणंच खाणार? उद्या हारुनकडे. त्याला सांगणार आहे, तू मुंबईवाल्याला नाही म्हणालास ते बरोबरच केलंस. हजार कॉप्यांत असं गाणं मिळालं नसतं.

२३ मार्च २००४

हारुनने दोन्ही बाजू डोळे मिटून ऐकल्या. हसला. मग पाटी ओढली.

"सुरुवातीला नाव तेवढं मी घेतलं. गायलाय धाकू. माझा घसा बसला होता, बाईंचं दुसऱ्या दिवशी डोळ्यांचं ऑपरेशन, त्याआधी कॅसेट हवी, तू लग्नाला मुरुडला. तू भांडशील म्हणून दोघं गप्प बसलो."

धाकू दारापाशी बसला होता, चपलेचा पट्टा उगाच काढत-घालत. मी तीन दिवस त्याच्यावर रडत होते.

हारुनने पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरात:

"रविवारी याला पुढे बसव. कॅसेट माझ्या नावाने."