लंडन लांब हाय, मोठ्यानं बोल

तीर्थरूप आण्णा,

आज रविवार. सकाळचे दहा वाजलेत आणि सगळी कामं टाकून मी तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण आत्ता पाच मिनिटांपूर्वी मी एका पोरीला फोनवर गप्प करायला निघाले होते.

सुनीता तिचं नाव, शिरोळची. महिन्यापूर्वी शिकायला लंडनला आली आणि माझ्या फ्लॅटमधली मोकळी खोली मी तिला दिली. एरवी शांत असते, पण रविवारी घरी फोन लागला की तिला धरबंद राहत नाही. आज खालच्या मजल्यावरच्या बाईनं छताला दांडा ठोकला. मी तरातरा उठले, दारावर मारायला हात उचलला, तेवढ्यात आतून ऐकू आलं, "आबा, मी जेवलो की! व्हय, आताच जेवलो!"

आपल्याकडच्या पोरी बोलतात तसं, पोरासारखं. सकाळी दहाला कुठलं जेवण? चहाचा कप अजून विसळलेला नव्हता तिचा. माझा उचललेला हात तसाच राहिला. आण्णा, हीच थाप आठ वर्षांपूर्वी मी तुम्हाला दर रविवारी मारत होते. तुमची दुपार झालेली असायची, म्हणजे माझीही झाली असणार, असं तुम्ही धरून चालायचात. कोण समजावत बसणार?

आपल्या घरी फोन नव्हता. शेजारच्या शिवाकाकांचा नंबर मी कॉलेजच्या अर्जावर पी.पी. म्हणून लिहिला होता. मी कार्ड खरवडून ते लांबलचक आकडे फिरवायची आणि तिकडं तुम्ही शिवाकाकांच्या सोप्यात उभे असायचात. तीस वर्षं साखर कारखान्यात उसाच्या चरकाशेजारी उभं राहून तुमचे कान गेलेले. त्यात मी परदेशात. "एवढ्या लांब हळू बोलून पोचतंय व्हय?" असं शिवाकाकांनाच विचारायचात.

इकडं फोन होता घरमालकिणीच्या घरातल्या बोळात, जिन्याखाली. तिच्याकडची खोली मिळण्याआधी मी कुठं राहत होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आल्यावर पाच आठवडे मी एका ओळखीच्यांच्या बैठकीत जमिनीवर झोपत होते. सकाळी सातच्या आत अंथरूण गुंडाळून बाहेर पडायचं, अशी बोली होती. पत्रात मात्र 'सोय उत्तम आहे' लिहायची. म्हणून ती खोली मिळाल्यावर मी जिवाला जपावं तशी तिला जपत होते.

पहिल्याच रविवारी मालकीण जिन्यावर येऊन उभी राहिली. तुमचा आवाज रिसीव्हरमधून बाहेर सांडत होता. फोन ठेवल्यावर तिनं काळजीनं विचारलं, "तुझे वडील तुला शिव्या देतात का?"

म्हटलं, "नाही. जेवलीस का, असं विचारतात."

तिला पटलं नाही. कसं पटणार? 'तब्येतीला जप' हेही तुम्ही भांडण काढल्यासारखं सांगायचात! आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून मीही तशीच ओरडायची. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, पुन्हा असं झालं तर दुसरी खोली बघ. परीक्षा दहा दिवसांवर आलेली. त्यात पुन्हा रोज सकाळी अंथरूण गुंडाळायचं मला नको होतं.

तेव्हा मी तुम्हाला ते पत्र टाकलं. 'जरा हळू बोलत जा. इथं मला लाज वाटते.' दोनच ओळी. पुढं लिहायला जागा होती, तरी काही लिहिलं नाही. शिवाकाकांनीच वाचून दाखवलं असेल ना तुम्हाला? सगळ्यांसमोर?

ते पत्र पोचल्यानंतरच्या रविवारी मी फोन लावला तर मालकीण जिन्यावर हजरच. आणि पलीकडून तुमचा आवाज आला तो इतका बारीक, की आधी मला ओळखूच आला नाही.

"जेवलीस न्हवं?"

"हो," मी कुजबुजले.

"आँ?"

"हो, आण्णा."

"ऐकू येईना गं. मोठ्यानं बोल की जरा." हेसुद्धा तुम्ही हळूच म्हणालात.

मी जिन्याकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. मी रिसीव्हर खाली ठेवला.

बुधवारी तिनं माझं दार वाजवलं. माझ्यासाठी फोन होता, इंडियातून. गारगोटीच्या आयएसडी बूथवरून शिवाकाका बोलत होते आणि ते हळू बोलत होते. पुढचं ऐकायच्या आधीच मला कळलं.

मी पोचेपर्यंत आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं तुम्हाला बसवून मळ्यात समाधी दिली होती. आईनं कपाटातून एक लहान डबी काढली. माझा फोन असा तुटल्यावर सोमवारी तुम्ही एकटेच कोल्हापूरला जाऊन कानाचं मशीन घेऊन आला होतात. दोन दिवस ते लावून सोप्यात बसून आईशी हळू बोलायचा सराव केलात. "पोरीला तिथं तरास नगो," म्हणालात. आणि छातीत कळ येते, हे मात्र कुणाला सांगितलं नाहीत. ते तरी ओरडून सांगायचं होतंत, आण्णा! त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पण त्याहून मोठी चूक माझी आहे. मी लंडनला परतले तेव्हा मालकीण चहा घेऊन खोलीत आली. मी रडत रडत तुमच्या मशीनचं सांगितलं. ती खाली बसली आणि म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही, हे तू मला का नाही सांगितलंस?"

एका वाक्याचं काम होतं. बापाचे कान कारखान्यात गेले, हे सांगायचीही मला लाज वाटली होती.

सुनीताचा फोन अजून चालू आहे. खालची बाई पुन्हा ठोकते आहे. तुम्हाला शब्द देते, हे पत्र संपवून मी खाली जाणार आहे. तिला सांगणार आहे की ही पोरगी भांडत नाही, तिचं घर फार लांब आहे, रविवारी अर्धा तास आमचं सोसा. या घरात कुणाला मी गप्प करणार नाही.

आणि दिवाळीला गावी येते. तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं राहिलंय. मळ्यात समाधीपाशी उभी राहून देईन, शेजारच्या मळ्यातली माणसं भांडण लागलं म्हणून धावत येतील इतक्या मोठ्यानं.

जेवलो की, आण्णा. व्हय, आताच जेवलो.

तुमची,
शैला