पाहिल्याची सही

वर्तकनगर, ठाणे
१२ नोव्हेंबर

प्रिय फिलू,

हाताशी फोन असताना ही बया कागद का काळे करत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर तू ‘बरी आहे गं, गुडघ्यांचं काय, चालायचंच’ एवढं म्हणतेस आणि ठेवून देतेस. एकतीस वर्षं समोरासमोरच्या दारांत राहिलेल्या बायकांना दोन मिनिटांत काय बोलता येणार? तू लेकाकडे, ऑल्विनकडे कळव्याला गेलीस त्याला पाच महिने झाले. ‘लिफ्ट नाही, दोन जिने आता झेपत नाहीत’ म्हणालीस आणि मी शहाणीने विश्वास ठेवला.

तुझ्या बाल्कनीतला कढीपत्ता जिवंत आहे. एक दिवसाआड तुझं घर उघडून त्याला पाणी घालते. मधुभाऊ आता काठीशिवाय खाली उतरतात आणि पाण्याचा पंप बिघडला की पूर्वीसारखेच माझ्या नावाने ओरडतात. म्हणजे तब्येत उत्तम आहे. हौसाबाईंचा नातू दहावीला बसलाय, जिन्यात भेटला की फक्त मान हलवतो, बोलत नाही.

आपल्या भिंतीपलीकडच्या चर्चचा अर्ज मात्र अजून महापालिकेत पडून आहे. तीन मजली सभागृह आणि वर शिकवणीचे वर्ग. येत्या गुरुवारी सुनावणी आहे. माझा त्याला विरोध आहे, फिलू, आणि तो आजही आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला वाटायला नको की म्हातारीचं मन पाघळलं. मधुभाऊंच्या छातीत कळ आली तो रविवार तुला आठवतो ना? चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला आलेल्या गाड्या गल्लीत दोन्ही बाजूंना लागलेल्या आणि अँब्युलन्स वीस मिनिटं कोपऱ्यावरच. शेवटी तू आणि मी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पोरांकडून उचलून नेलं होतं. आहे त्या गर्दीत हे हाल, तर तीन मजल्यांवर काय होईल, एवढंच माझं म्हणणं. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर विनीत आणि त्याची मंडळी ‘ही लोकं’ ‘ही लोकं’ करत जे लिहायची, ते माझं म्हणणं नव्हतं. पण सेक्रेटरी असून मी त्यांना गप्पही केलं नाही. तू ते सगळं वाचत होतीस, हे मला माहीत होतं.

आणि दुसरी बाजूही मला माहीत होती. पास्कोल भाऊजींना निरोप दिला त्या दिवशी अर्धी माणसं चर्चबाहेर पत्र्याच्या शेडखाली आणि त्याच्याही बाहेर, पावसात छत्र्या धरून उभी होती. त्यांत मीही होते. आतलं एक अक्षर ऐकू आलं नाही. तुझा आवाज तेवढा ओळखला, कारण बायबलचं वाचन तू केलंस, स्वतःच्या नवऱ्याच्या मिस्सेत, न अडखळता.

आता मुद्द्यावर येते. गेल्या सोमवारी सुनावणीच्या पत्राची प्रत द्यायला मी चर्चच्या ऑफिसात गेले. तिथली सिसिलिया माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्हाला आम्ही काय बोलायचं काकी, आमच्या फिलूआंटीनेच तुमच्या हरकतीवर सही केलीय.” मी म्हटलं, तिने कुठे सही केली? सिसिलियाने फाइल माझ्यापुढे टाकली. परिशिष्ट दोन, सह्यांचा तक्ता, अनुक्रमांक चौदा. बाकीच्यांच्या सह्या म्हणजे मुंग्या चिरडल्यासारख्या, आणि मध्ये तुझी ती शाळकरी, गोल ‘फिलोमिना’, पूर्ण नाव, खाली रेघ. मग सिसिलियाने पुढचंही सांगितलं. जूनमध्ये तुला वाचन थांबवायला सांगितलं. वीस वर्षं मराठी मिस्सेत वाचणाऱ्या बाईला. बायका तुझ्या बाकावर बसेनात. आणि तू कुणालाच काही सांगितलं नाहीस, मला तर नाहीच.

त्या सह्या हरकतीच्या नव्हत्याच. मार्चमध्ये मी नोटीस क्रमांक अकरा फिरवली होती, चर्चच्या अर्जावर चर्चा करायला रविवारी गच्चीवर सभा आहे म्हणून. नेहमीसारखी वॉचमनबरोबर दारोदार, आणि नेहमीसारखी प्रत्येकाने ‘पाहिले’च्या रकान्यात सही केली. टाकी धुण्याच्या नोटिशीवर करतो तशीच. तू तर टाकीची नोटीसही हात पुसून, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचीस आणि मगच सही करायचीस. मी चिडवायचे, अगं टाकी धुणार आहेत, विकणार नाहीत! हरकत दाखल करायच्या शेवटच्या दिवशी खिडकीवरचा माणूस म्हणाला, रहिवाशांच्या सह्या जोडा, नाहीतर एकटीचा अर्ज कोण विचारतो. पिशवीत नोटीस अकरा होती. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, मथळ्यावर आणि ‘पाहिले’ या शब्दावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवली आणि प्रत काढली. बेचाळीस घरांच्या बेचाळीस सह्या. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे केलेली बाई मी, पट्टी एवढी सरळ ठेवली की सावलीसुद्धा उमटली नाही.

सिसिलियासमोर मी ‘चूक झाली’ म्हणाले. घरी आल्यावर दोन दिवस स्वतःलाही तेच सांगत होते, की घाई होती, लक्षात आलं नाही. ते खोटं आहे. काचेवर कागद ठेवताना तुझी सही मी पाहिली. चांगली पाहिली. मनात म्हटलं, फिलू काही म्हणणार नाही. तुला विचारायला दुकानातून एक फोन पुरला असता, आणि घरी आल्यावर तर जिना उतरायचाही नव्हता, दारच उघडायचं होतं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणशील हे मला ठाऊक होतं.

तेव्हापासून तीन गोष्टी केल्या. त्या सांगून मी चांगली ठरणार नाही, पण तुला माहीत हव्यात. एक, काल महापालिकेत जाऊन लिहून दिलं की परिशिष्ट दोन खोटं आहे, ते मी जोडलं, काढून टाका. दोन, सेक्रेटरीपद सोडलं. विनीतने ग्रुपवर मला जे म्हटलं ते तू वाचलं असशीलच. तीन, नवा तक्ता घेऊन स्वतः घरोघर फिरले, वर मोठ्या अक्षरात लिहून की ही सही म्हणजे विरोध. पहिली सही माझी. बेचाळीसपैकी सव्वीसच झाल्या, फिलू! हौसाबाई म्हणाल्या, “माझा नातू त्यांच्याच शेडमध्ये शिकवणीला बसतो, मी कशाला विरोध करू? तुम्ही कधी विचारलंच नाही.” अनुक्रमांक चौदाच्या पुढची जागा कोरी ठेवली आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की फादरना भेटून मी खरं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मला सांगून काय उपयोग, ज्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं त्यांना सांगा. म्हणून या रविवारी मराठी मिस्सा संपली की मी तिथे उभी राहणार आहे. पट्टीसकट सगळं सांगणार आहे, तुझी सही पाहिली होती तेसुद्धा. ते चारचौघांच्या आधी तुला कळायला हवं, आणि माझ्याकडून, म्हणून हे पत्र. तू यावंस असं मी म्हणत नाही. माफ कर असंही लिहिणार होते, पण तुझ्या वतीने मी एकदा ठरवून बसले आहे, पुन्हा नको. सोबत एक कागद आणि पत्ता घातलेलं पाकीट आहे. कागदावर मी एकच रकाना आखलाय, ‘पाहिले’. हे पत्र शेवटपर्यंत वाचलंस तर तिथे सही करून पाठव. त्याचा अर्थ तू वाचलंस एवढाच घेईन, त्यापलीकडे काहीही नाही.

तुझीच,
समोरच्या दारातली वासंती