हरी-मोरूची जोडी कोनी फोडली?

अवो,

पत्रात प्रिय-बिय लिहायला लागते म्हनतात. चौथीपर्यंत शाळेत तेच शिकवलेलं. पन जित्तेपनी तुमाला कदी प्रिय म्हटलं नाय, आता म्हटलं तर तिथं तुमी दचकाल नि आजूबाजूचे चार मेलेले हसतील. म्हनून नुसतं अवो. अवो म्हटलं की तुमी मान वर करायचा. करा.

उद्या वरीस होते तुमाला जाऊन. पन त्यासाठी लिहीत नाय. लिहिते कारन मला भीती वाटते. हसू नका! अख्ख्या मुरबे गावात मथुरा म्हंजे कोनाच्या बापाला न घाबरनारी. मोरीतला साप केरसुनीनं हाकलला तवा तुमी माचीवर चढून बसला होता, आठवते ना? तीच मथुरा कालपासून चुलीपाशी बसून थरथरते.

काल सांजच्याला तुमचे दोन भक्त आले. मासवनचे गुरुजी नि तुमच्या कारखान्यातले सुबराव. उद्यासाठी कनात, पाट, भांडी बघायला म्हनून आले नि ओट्यावर बसून सुरू झाले. काय विषय असनार? तुमची ती एकुलती एक कॅसेट! तुमी गेलात तरी पयली बाजू भारी का दुसरी, ह्याचा निकाल लागला नाय अजून.

गुरुजी म्हनाले, "पहिली बाजू म्हणजे काम आहे हो, सुबराव. मोरेश्वर ओळ टाकतो आणि हरेश्वर श्वास न घेता उचलतो. गातायत की भांडतायत, कळतच नाही. माझी फीत तीनदा तुटली. बायकोच्या नेलपॉलिशनं चिकटवली."

"ते खरं ओ गुर्जी," सुबराव म्हनाले, "पर दुसऱ्या बाजूचं ते चहाचं गानं! मी सोलापूरकडनं नवा आल्तो बोईसरात. हितली बोली कळंना, मासळीचा वास सोसंना. खोलीत एकटाच रडायचो बगा. टपरीवर ते गानं लागलं आन् पैल्यांदा हसलो. त्या दोगांनी मला हितं ऱ्हायला लावलं."

मी आत च्हा गाळत होते. सुबरावांना काय ठाऊक, त्या गान्याला मी किती घाबरते!

तुमी ढोलकी मांडीवर घ्यायचा, मोरूभाऊ खंजिरी. गानं कसलं, भरभर बोलनंच ते, तालात. एकानं चिमटा काढायचा, दुसऱ्यानं उलटा. कॅसेटमधी कोनाचं नाव नसायचं. पन हळदीला गेलात की मांडवात पुढं जो बसलेला त्याचं नाव त्या जागी घालायचा. मानसं मुद्दाम पुढं येऊन बसायची, आपलं नाव हरी-मोरूनं घ्यावं म्हनून. नाव घेतलं की लाजायची, नि नाय घेतलं की रुसायची.

मंग त्या हळदीला बाबल्या नाखवा पुढं बसला. तुमी हसत हसत घातलंत त्याचं नाव:

बायको वरडते ओट्यावर,
बाबल्या झोपतो दर्यावर!
दर्या म्हनतो ऱ्हा रं ऱ्हा,
घरी कोन तुला देतो च्हा!

मांडव हसून लोळला. नाखव्याची बायको सगळ्यात जास्त हसली, पदर तोंडात कोंबून. मी पन हसले.

आठ दिसांनी त्याची होडी नाय आली. दुसऱ्या दिशी फळ्या आल्या. तो नाय आला.

ती बाई आपल्या अंगनात आली तवा तुमी जाळं शिवत होता. रडली नाय. एवढंच म्हनाली, "दर्यानं ठेवला त्याला. तुमीच सांगितलंत ना, ऱ्हा म्हनून." नि गेली. तुमी जाळं तसंच अर्धं गुंडाळून ठेवलंत. तवापासून गावात कुजबूज, हरीची जीभ काळी हाय.

पुढच्या हळदीला मांडवात पुढच्या तीन रांगा मोकळ्या! मानसं मागं, खांबांना चिकटून. पोरंसुदा आयांनी मागं ओढलेली. मोरूभाऊ म्हनाला, दुसरं गानं घेऊ. पन तुमचं टाळकं फिरलेलं. तुमी तेच घेतलंत. नि नावाची जागा आली तवा तुमी कोनाचं नाव घातलंत?

स्वताचं.

"हरी झोपतो दर्यावर!" असं म्हनालात, सगळ्यांकडं बगून, छाती काढून. काय गरज होती वो? कोनाला दाखवायचं होतं? तवा तुमी भावाच्या होडीवर जात होता. आपली मंदा सहा वरसांची. मी हळदीची वाटी खाली ठेवली नि मंदाला जवळ ओढलं.

त्या दिसापासून तुमी होडीवर गेलात की मी जेवायची नाय. तुमाला वाटायचं सोमवार करते, गुरवार करते. कसले वार? भीती होती ती. नि तुमी आलात की तुमाला चिडवायची, काय, दर्यानं च्हा पाजला का? चिडवलं नसतं तर रडले असते.

आता जे सांगायचं ते सांगते. बसून ऐका.

तुमची जोडी मोरूभाऊनं नाय फोडली. मी फोडली.

तुमी होडीवर असताना मी एस.टी.नं केळव्याला गेले, त्याच्या घरी. म्हटलं, भाऊ, ह्यांना सोडा. तुमी सोडलं तर हे गानं सोडतील. गान्याची हळद नाय, तर नाव घालनं नाय. मोरूभाऊ म्हनाला, "वयनी, लोकं बोलतात, बोलू दे. दर्याला काय कान हायेत?" मी म्हटलं, नाखव्याच्या बायकोला इचारा.

त्यानं सुपारीच्या वाडीतलं पडलेलं झावळं उचलून कडेला टाकलं. मंग म्हनाला, "मी सांगितलं तर तो ऐकनार नाय. त्याला दुखवायलाच लागेल. तो माझ्या तोंडावर थुंकेल, वयनी."

मी म्हटलं, "थुंकू दे. जित्ता तरी ऱ्हाईल."

नि त्यानं तुमाला कदी सांगू नये म्हनून मी शपथ घातली. माझी नाय घातली. माझ्या शपथेला कोन भीक घालते? मंदाच्या डोक्याची घातली. आपल्या पोरीच्या.

चौथ्या दिशी तो तुमच्याकडं आला नि उभ्या उभ्या म्हनाला, "हरी, तुझा ताल सुटतो रं हल्ली. मला बोईसरला दुसरा गडी मिळालाय." मी दाराआड होते. तुमचं तोंड मी बगितलं. अवो, तुमचा ताल कदी सुटला नव्हता! एका मात्रेनं पन नाय. ते वाक्य त्याला मी शिकवलेलं. मला ठाऊक होतं ना, तुमाला कुठं लागते ते.

तुमी ढोलकी माळ्यावर टाकलीत. होडी पन सोडलीत, मीच मागं लागले. कारखान्यात लागलात. बारा वरसं डबा घेऊन जायचा नि यायचा. रिक्षात ती कॅसेट लागली तर मधीच उतरून चालत यायचा. मी इचारायची, उशीर का? तुमी म्हनायचा, पाय मोकळे केले. एकदा मी भाकऱ्या करताना तुमच्या बोटांचा आवाज आला डब्यावर. मी वळले तवा तुमी हात मागं घेतलात, चोरी पकडल्यासारखा. तवा सांगायला पायजे होतं. तोंड उघडलं पन होतं. मंग म्हटलं, अजून चार वरसं जाऊ दे. दर्या इसरू दे.

दर्यानं नाय नेलं तुमाला. कारखान्याच्या दारात, कोरड्या डांबरावर, छातीत कळ आली नि संपलं. मी जिंकले का हरले? सांगा ना! इथं कोनाला इचारू?

आता कालचं पुढं ऐका. गुरुजींनी इचारलं, जोडी का फुटली असेल? सुबराव म्हनाले, "पैशापाई. त्या मोऱ्यानं नवा गडी घेतला, दुसरी कॅसेट काडली. काय झालं? कुत्रं इचारंना! मंग ब्यांडात वाजिवलं. आता केळव्याला मुंबईच्या पावन्यांच्या जेवनापुडं गातोय, लोकं पापलेट खात्यात आन् हा गातोय. फेडलं देवानं."

गुरुजी म्हनाले, "पैसा नाही, अहंकार. दोन कलावंत एका ताटात जेवत नाहीत."

सुबराव म्हनाले, "नायतर मंग मदी बाई असनार बगा."

मला आतल्या आत हसू आलं. बाई होती की! तुमाला च्हा देत होती!

गुरुजींनी मला इचारलंच, "वहिनी, तुम्हाला काही ठाऊक?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक, मी चुलीपाशी असायची." बगा, अजून खोटं बोलते.

मंग गुरुजी म्हनाले, "परवा मोरेश्वराला मी बोलावलंय. पत्र टाकलं होतं, येतो म्हणालाय. पानं वाढायच्या आधी सगळ्यांसमोर विचारणार, का सोडलंस मित्राला?"

"मी तर त्याला पानी बी देनार न्हाई," सुबराव म्हनाले. "हरीभाऊला गप केला त्यानं. मेला तवा आला का?"

आला होता. सरनाच्या येळी सुरूच्या झाडांत उभा होता, लांब. मी बगितला. हाक नाय मारली.

उद्या तो येईल, नि त्याला भर अंगनात इचारतील, नि तो गप बसेल. शपथ पाळेल, मला ठाऊक हाय. मंग लोक त्याच्या तोंडावर बोलतील ते सगळं माझ्या वाट्याचं. त्यानं बारा वरसं तुमचा राग खाल्ला, आता गावाचा खायचा?

नि शपथ सोडवायला मला भीती वाटते. ज्यानं घातली त्यानं, ज्याला घातली त्याच्या तोंडावर "सुटली" म्हनायचं, मंग सुटते. ल्हानपनी आमी दिसाला धा शपथा घालायचो नि सोडवायचो. पन ही पोरीच्या डोक्याची हाय. नि पोर बाळंतपनाला आलीय, आठवा म्हयना. ज्याच्यापासून लपवायचं तोच नाय, मंग आता सोडवली तर सुटते का मोडते? मोडली तर? लिहितानासुदा अक्षर वाकडं जाते. तुमी म्हनाल, तुझं अक्षर कवा सरळ होतं? गप बसा. जीभ एकदा फिरली नि नाखवा गेला. माझी जीभ परत फिरवू का मी?

रातभर डोळा नाय. सकाळी मंदाच्या केसांना तेल लावायला बसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला नि उचलवेना. ती म्हनाली, "आये, तेल लावतेस का आशीर्वाद देतेस?" मंग मी सगळं सांगितलं. सगळं, नाखव्यापासून.

मला वाटलं रडेल, घाबरेल. ती रागावली! केस सोडून माझ्याकडं वळली. म्हनाली, "माझं डोकं घेतलंस, मला इचारलंस का?"

मी म्हटलं, तू सहा वरसांची होतीस.

"नंतर मोठी झाले ना? बाबा ओट्यावर बसून रिकामी बोटं बगायचे. मला वाटायचं मी परीक्षेत नापास झाले म्हनून. बारा वरसं मी घाबरले, आये, बाबा का बोलत नाय म्हनून. त्याच्यापेक्षा काय वाईट होनार हाय शपथ सुटून?"

 

मंग मी ठरवलं, उद्याची वाट बगायची नाय. त्यानं अंगनात पाय टाकायच्या आधी सुटली पायजे. अकराच्या एस.टी.नं पालघर, तिथून केळवं. मोरूभाऊला म्हटलं पायजे, उद्या एकटं यायचं नाय, माझ्याबरोबर यायचं. तुमी माझ्यावर रागावलात तरी चालेल. स्वप्नात येऊन काय ते बोला, हव्या तेवढ्या शिव्या द्या, तुमच्या शिव्यांची मला सवय हाय. पन त्याच्यावरचा राग आज सोडा. तो तुमचाच होता, सगळा येळ. तुमाला तो दुसरा गडी आवडला नाय ना? त्याला पन नव्हता आवडला.

वचन देते तुमाला. "सुटली" मोठ्यानं म्हनेन, कापरं भरलं तरी. नि उद्या पानं वाढायच्या आधी गुरुजींपुढं, सुबरावांपुढं, नि नाखव्याची बायको आली तर तिच्यापुढं पन, माझ्या तोंडानं सांगेन, जोडी मी फोडली. मंग जे व्हायचं ते होऊ दे.

मंदाला म्हटलं, तू घरी ऱ्हा, खड्ड्यांचा रस्ता, पोटुशी हायेस. ती दारात उभी हाय बगा, चपला घालून, पानी भरून घेतलंय बाटलीत. म्हनते, "शपथ माझ्या डोक्याची ना? मंग डोकं नको बरोबर?"

मला लय भीती वाटते वो. तिचा हात धरून चालले.

तुमची,
जोडी फोडनारी बायको
मथुरा