फळा या पत्रात नाही

मार्गशीर्ष शुद्ध दशमीला सकाळी मी गिरणीच्या भिंतीवरच्या फळ्यावर ‘आज एकादशी’ असं लिहिलं. त्या वेळी मी पूर्ण शुद्धीत होतो. हे मृत्युपत्र लिहितानाही शुद्धीतच आहे. कोणाचा दाब नाही, नशापाणी नाही. फरक एवढाच, की या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचली आहे.

मी, नानासो धोंडी जगदाळे, वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, धंदा पिठाची गिरणी, राहणार खडकवाडी, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. सोमवारी मिरजेला माझ्या फुप्फुसाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. घाबरलेलो नाही, दमलो आहे. माघारी आलो नाही तर मागे घोळ नको, म्हणून लिहून ठेवतो.

१. राहतं घर पत्नी हरणाबाई हिचं. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये. तिच्यानंतर चिरंजीव इंद्रजित याचं.

२. गिरणी, मोटर, पट्टे, चाळण्या हरणाबाईच्याच. दगडाला टाके घालायची छिन्नी आणि हातोडी मात्र इंद्रजितला. तो सांगलीत नोकरीला आहे, त्याला त्यांचा उपयोग नाही. तरी घरात असावीत. एकादशीला दगड झाडून आधी उपवासाचं दळायचं, मग ज्वारी. गिरणी कोणीही चालवो, हा नियम मोडू नये.

३. रंगुमावशीनं दिलेलं घोंगडं मिरजेला नेत आहे. ते कोणाच्या नावे करता येत नाही.

४. सयाजी बाळा भोईटे यांच्याबद्दल. फळ्यावर मी एकोणीस वर्षं रोज तिथी लिहितो, एसटीची वेळ लिहितो आणि खाली चार ओळी माझ्या मनच्या. दुसऱ्या दिवशी पुसतो. वहीत कधी उतरवल्या नाहीत. बारा वर्षांमागे देवळाच्या बैठकीत सयाजी सगळ्यांदेखत म्हणाला, “तुझ्या त्या चार वळी कोण वाचतंय रं? दळाण हुस्तवर मानूस भितीकडं बघतंय, एवढंच.” सगळे हसले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. या पत्राच्या कच्च्या प्रतीत ‘सयाजीने माझ्या मातीला येऊ नये’ असं कलम होतं. ते रद्द केलं आहे. त्याचं कारण लिहिणं भाग आहे.

लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त तीच गोष्ट खाते. देवापुढं बसलो तरी मनात हेच, की कोणी वाचतं का? त्या दशमीच्या आधी दहा दिवस मी चार ओळी लिहिल्याच नव्हत्या. कोणी विचारलं नाही. मग तिथीही चुकली, आणि तीही कोणी दाखवली नाही. मी म्हटलं, झालं, उत्तर मिळालं.

तिसऱ्या प्रहरी रंगुमावशी मूठभर वरी घेऊन दळायला आली. ती मूळची म्हसवडकडची, सत्तरीची, मेंढरांमागं जन्म गेलेला. अक्षर येत नाही.

“मावशी, आज वरी?”

“आवं, एकादस न्हाई का? फळ्यावर हाय की.”

म्हातारीला माझ्यापायी फुकटचा उपास घडला होता. “चुकलं माझं. एकादशी उद्या आहे.”

“व्हय? मग उद्याबी धरते. एक ज्यादा झाली म्हून द्येव काय रागावतूय?”

“पण तुला फळा वाचून कोण दाखवतं?”

“सयाजी. रोज आठच्या यष्टीला भितीपाशी हुबा असतूया न्हवं. आत मोटरच्या आवाजात तुमास्नी काय ऐकू जातंय? लय वर्सं झाली. तुमच्या आयनं गिरण आल्यावरबी मरस्तवर जात्यावरच दळलं, त्ये तुमी लिवलं हुतं. त्ये त्येनं दोनदा वाचलं, मी रडले बगा. आज म्हनला, ‘तिथी चुकलीया. पर मी त्येच्याशी बोलत न्हाई, मी कशाला सांगू? लिवलंय तसं वाचनार.’ आन म्हनला, धा दिस झालं, नानासो खाली काय लिवंना. बरं नसंल त्येला.”

वरी दळून दिली. दळणावळ घेतली नाही. त्या दिवशी पुन्हा मोटर लावली नाही.

५. फळा आणि खडूचा डबा. हे सयाजीच्या नावे करणार होतो. कोरेगावचे वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचं आहे त्याला साक्षीदार घेऊ नका. मला सयाजी साक्षीदार हवा होता. म्हणून फळा या पत्रातून वगळला आहे. तो मरणानंतर द्यायचा नाही. आज सकाळीच दिला.

डबा घेऊन मी त्याच्या दारात गेलो. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यानं डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“तिथी तेवढी लिवीन,” तो म्हणाला. “यष्टीची येळबी लिवीन. खालची चार वळींची जागा मोकळी ऱ्हाईल. मला असलं काय येत न्हाई. मिरजंस्नं ये आन लिव.”

मी डबा त्याच्या हातात ठेवला आणि घरी येऊन हे पत्र पुरं केलं.

ठिकाण: खडकवाडी
तारीख: १६ जानेवारी १९९७. तिथी आता सयाजीला विचारावी.

लिहून देणार: नानासो धोंडी जगदाळे (सही)

साक्षीदार:
१. सयाजी बाळा भोईटे (सही)
२. रंगुबाई कोंडीबा मदने (अंगठा). मजकूर त्यांना सयाजी यांनी वाचून दाखवला. लिहिला आहे तसाच.