विहिरीवरच्या हाकेचा तपास

२ मे १९३४
आजपासून तपास सुरू. केस अशी: गेले तीन दिवस टळटळीत दुपारी मागच्या कलमांच्या बागेतून, विहिरीच्या बाजूने, कोणीतरी मला ‘दादा’ म्हणून हाक मारतं. आवाज हुबेहूब वासंतीचा. वासंती म्हणजे माझी धाकटी बहीण, वय अकरा. ती त्या वेळी माजघरात घोरत असते! भुतंखेतं मी मानत नाही. सायन्समध्ये पहिला आलोय. म्हणजे आमच्या बाकावर.

३ मे
बागेचा गडी केरू, त्याची जबानी घेतली. म्हणाला, चारूदादा, दुपारच्या वक्ताला पयल्या हाकेला ओ देऊ नको, दुसऱ्या हाकेला पन नको. तिसरी आली तरच मानूस. ‘त्याला’ तिसरी मारता येत नाय. मी खो खो हसलो. अडाणी लेकाचा! मग तो म्हणाला, चला तर आत्ताच विहिरीवर जाव. तेवढ्यात मला भूमितीचा अभ्यास आठवला.

४ मे, सकाळ
ठराव: आज दुपारी स्वतः विहिरीपाशी दबा धरणे.
संध्याकाळ
ऊन फार होतं. गेलो नाही. दोन हाका आल्या. ओ दिली नाही, कारण तोंडात आंब्याची फोड होती.

५ मे
प्लॅन बदलला. मुख्य डिटेक्टिव्ह कधी हेडक्वार्टर सोडत नसतो. वासंतीला असिस्टंट नेमलं. उद्या दुपारी ती विहिरीपाशी बसणार. रडकुंडीला आली, दादा तू पण चल म्हणाली. समजूत घातली, की काही दिसलं तर नुसती हाक मार, मी धावत येतो. आईची शपथ घेतली तेव्हा कुठे तयार झाली. भित्रीच आहे जरा.

६ मे, दुपारी दोन
असिस्टंट रवाना. मी खोलीत. दाराला आतून कडी, एकाग्रतेसाठी. आई-आप्पा झोपलेत.
२.१०. हाक आली!
लगेच दुसरी. ही फार मोठी. मग धप्पकन काहीतरी पडलं.
तिसरीची वाट बघतोय. सायंटिफिक पद्धत.
२.३०. तिसरी नाही. म्हणजे वासंती नव्हतीच. केस सुटली!
२.४५. वासंती अजून आली नाही. गेली असेल शेजारी मैनाकडे खेळायला.
खिडकीही लावून घेतली. उकाडा.

६ मे, संध्याकाळ
वासंती विहिरीत पडली होती. पाणी कमरेएवढंच, पण पाय मोडला. पाऊण तास त्या पाण्यात होती. केरूने काढली. तो पार बागेच्या दुसऱ्या टोकाला होता. म्हणतो, चारूदादांनी तीन हाका मारल्या म्हणून धावलो. चांगल्या मोजून तीन.
आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आई मला जवळ घेऊन रडली. मीही मान डोलावली.
तीन हाका, म्हणजे माणूसच. मीच मारल्या असणार. घाईत लक्षात राहिलं नाही.

८ मे
वासंतीचा ताप उतरला. सगळ्यांसमोर म्हणाली, मी दोनदा हाक मारली, पाय घसरला, तू आला नाहीस. मी म्हटलं, अगं वेडे, आलो होतो की! कठड्यावर उभा राहून केरूला हाका मारल्या.
ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, हो, कठड्यावर तू दिसलास मला. खूप वेळ उभा होतास. पण हसत का होतास, दादा?
आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आता खरं सांगायचं तर कडी लावून बसलो होतो हे सांगावं लागतं. म्हटलं, हसत नव्हतो गं, ऊन डोळ्यांवर येत होतं.

९ मे
वासंती माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. मी खोलीत गेलो की आईचा पदर धरते. आईने आज तिचं अंथरूण आपल्या खोलीत नेलं आणि दाराला आतून कडी लावली.