मेणाच्या जहाजाची भूमध्य फेरी

इंटरनॅशनल सिटी, दुबई
ऑगस्टचा दुसरा रविवार, मिस्सा आटोपून आल्यावर

आदरणीय लॉराबाय यांस,

तुमची धाकटी भावजय कॉन्सेप्टा हिचा दोन्ही हात जोडून नमस्कार. देवाच्या दयेने इथे तुमचा भाऊ जेराल्ड, मी आणि आमचा कार्ल तिघंही धडधाकट आहोत. उकाडा म्हणाल तर नळाचं थंड पाणी ऊन येतं, ऊन पाणी येतं ते चहाला चालेल असं. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डावा बरा असल्याचं मागे कळवलं होतंत.) खोकल्याला आडुळसा घेता की पुन्हा त्या गुलाबी औषधावर आलात? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी हं हं करते, माझं राहूनच जातं. म्हणून कागद घेतला. चष्मा लावून, पाय वर घेऊन, सावकाश वाचा. घाई नाही.

मुख्य विषय तुमच्या नवसाचा. मेल्विन जहाजावर चढला त्या दिवसापासून तुमच्या डोळ्याला डोळा नाही, हे मला ठाऊक आहे. त्याचे पप्पा गेल्यानंतर तुम्हाला तो एकच मुलगा, आणि तोही नेमका इंजिनरूममध्ये, पाण्याच्या खाली. धर्मग्रामाच्या मासिकात तुम्ही वाचलंत की खलाशांचा कैवारी संत निकोलस हा तुर्कस्तानातल्या समुद्राकाठचा बिशप, आणि लगेच बोलून मोकळ्या झालात की माझा मेल्विन सुखरूप घरी येऊ दे, तुझ्या थडग्याशी मेणाचं जहाज वाहीन. त्याच आठवड्यात तुमच्या भावाला कंपनीने एकाच गोदामात पंचवीस वर्षं माल मोजल्याबद्दल अंताल्याची तीन तिकिटं दिली. तुम्ही म्हणालात, हा देवाचाच इशारा, आणि तुम्हाला तर तिथून जवळच आहे. बाय, वसईहून दुबई जेवढी लांब आहे त्याहून दुबईहून अंताल्या लांब आहे. पण परदेश म्हटला की तुम्हाला तो सगळा एकाच आळीत वाटतो, त्याला माझा इलाज नाही.

तुमचं मेणाचं जहाज इथे पोचलं तेव्हा मी धसकाच घेतला. मतमाउलीच्या जत्रेत लोक मेणाचं घर वाहतात, बाळ वाहतात, दुखरा हात-पाय वाहतात, ते वीतभर असतं. तुम्ही ओतून आणलेलं जहाज माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, वर दोन धुराडी, कठडा, आणि पुढे बारीक नांगरसुद्धा. विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून ते गेल्यावर साहेबांनी पट्टा थांबवला. काय आहे म्हणून विचारलं. तुमचा भाऊ म्हणाला, शिप. कुणासाठी? तर म्हणाला, सेंट. साहेबांनी एकदा जहाजाकडे पाहिलं, एकदा तुमच्या भावाच्या टकलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "यल्ला, कॅप्टन, गो!" तेव्हापासून कार्ल बापाला कॅप्टन म्हणतो. पाच तास जहाज मांडीवर होतं. एअर होस्टेसने जेवण आणलं तेव्हा ट्रे ठेवायला जागा नव्हती, म्हणून दोघांची जेवणं कार्लने जेवली.

आता प्रेक्षणीय स्थळं सांगते, कारण तुम्ही ती विचारणार. अंताल्या हे गाव उंच कड्यावर बसलेलं आहे आणि खाली भूमध्य समुद्र. दहावीला भूगोलाच्या नकाशात हा समुद्र मी निळ्या पेन्सिलीने रंगवला होता आणि बाईंनी पाचपैकी चार दिले होते. एक गुण कापला तो बरोबर होता, एवढा निळा माझ्याकडे नव्हताच. गावात शिरायला रोमी राजाची तीन कमानींची संगमरवरी वेस आहे. खालच्या दगडी फरशीत रथांच्या चाकांनी पडलेले चर आहेत. तुमच्या भावाने वाकून ते चर पाहिले, एका खांबाचा उडालेला टवका बोटाने चाचपला आणि हळूच म्हणाला, "डॅमेज." पंचवीस वर्षांची सवय, सुट्टीतही सुटत नाही.

वेशीच्या आत जुन्या गल्ल्या, लाकडी सज्जांची घरं, दारोदार बोगनवेलीची कागदी फुलं फुललेली, आणि पायरीपायरीवर मांजरं. त्या मांजरांना लोक वाटीत खाणं ठेवतात. खाली जुनं बंदर आहे, तिथे सजवलेल्या बोटी माणसांना हाका मारून बसवतात. (मी बसले नाही. तासाभराच्या फेरीचे जे लिरा सांगितले त्याचे दिरहॅम केले, दिरहॅमचे रुपये केले, आणि समुद्र काठावरूनही दिसतो असं माझ्या लक्षात आलं.) एक नदी चालत येते आणि कड्यावरून धाडकन सरळ समुद्रातच पडते. लोक टाळ्या वाजवत होते. मला मात्र एवढं गोडं पाणी खाऱ्यात जाताना पाहून जिवाला लागलं. किनारा आहे, पण वाळू नाही, सगळे गोटे. तळपायाला रेती लागल्याशिवाय समुद्राला आल्यासारखं वाटत नाही, म्हणून मी चपला घालून उभी राहिले आणि तिकडच्या बायकांकडे पाठ करून एक जपमाळ केली. त्या बायकांच्या कपड्यांविषयी लिहीत नाही, कारण लिहिण्याइतके ते नव्हते.

जहाजाचा जीव मात्र खोलीत टांगणीला. ऊन असं की पहिल्याच दुपारी एक धुराडं कलंडलं. मग मी खोलीतला छोटा फ्रीज उघडला, आतल्या सगळ्या बाटल्या काढून कपाटात उभ्या केल्या आणि जहाज आत तिरकं निजवलं. मला काय ठाऊक की तिथे बाटली जागेवरून हलली की खाली काउंटरवर तिचं बिल फाटतं! चौथ्या दिवशी सकाळी तिथल्या पोराने कागद पुढे केला: बिअर चार, वाईन दोन, व्हिस्की दोन, बाकी सरबतं. मी, चर्चमधल्या मरियेच्या सैन्याची सभासद! त्याने वर काळजीने विचारलं, "मॅडम, आर यू फीलिंग ओके?" तुमच्या भावाने त्याला हाताला धरून खोलीत नेलं, कपाट उघडलं आणि मोजून दाखवलं, नग अकरा, सीलबंद. मग फ्रीज उघडून दाखवला. पोराने वाकून जहाज पाहिलं. बिल खलास झालं, पण त्या दिवसापासून आम्ही दिसलो की तिथले लोक आपसात कुजबुजायचे.

आता संताकडे येते. संत अंताल्यात नाही, बसने तीन तास पुढे देम्रे म्हणून गाव आहे तिथे. आमचा गाईड फहद, मूळचा लाहोरचा, हिंदी बोलायचा, फार गोड मुलगा. बसमध्ये त्याने सांगितलं की हे संत म्हणजेच नाताळात लाल डगला घालून खाऊ वाटणारे बाबा. बाय, तुम्ही ज्यांना लेकराचा जीव सोपवलात त्यांचा वेष घालून आपला बेकरीवाला दर वर्षी पोरांना लिमलेटच्या गोळ्या फेकून मारतो, हे आठवून मी जरा दचकले. पण म्हटलं, संत तो संत, लोकांनी डगला घातला त्याला ते काय करणार.

चर्च फार जुनं, जमिनीच्या पातळीखाली गेलेलं, भिंतींवर पुसट चित्रं. मन शांत झालं. पण वेदीवर वात नाही, पवित्र पाण्याचं पात्र नाही, आणि दारात तिकीट. ते म्युझियम आहे, चर्च राहिलेलं नाही. थडगं काचेपलीकडे, संगमरवरी, आणि त्याची एक बाजू फुटलेली. मी जहाज पदराखालून काढलं तोच फहद खाकरला. म्हणाला, "आंटीजी, बुरा मत मानना, पर संत यहाँ नहीं हैं. उनको इटलीवाले ले गये."

मी म्हटलं, "कब?"

"हज़ार साल होने आये."

"तो टिकट किस बात का लिया?"

यावर फहदने आपलं तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं. ज्यांनी नेले ते म्हणे खलाशीच होते, कबर फोडून हाडं जहाजात घालून पसार झाले. मला तिथेच हुंदका आला. संतासाठी नाही, तुमच्यासाठी. तुम्ही वसईत गुडघे टेकून बसलेल्या मला दिसत होतात, आणि इथे पत्त्यावर माणूसच नाही. कार्ल म्हणत होता, "मॉम, प्लीज, नॉट हिअर, एव्हरीवन इज लुकिंग." मी म्हटलं, लुकू दे. जहाज काचेपाशी ठेवायला वाकले तर पहाऱ्यावरची बाई धावत आली. बोटाने नाही नाही केलं. मग तिने माझं तोंड पाहिलं, जहाज पाहिलं, वाकलेलं धुराडं पाहिलं, आणि घड्याळावर पाच बोटं दाखवून पाठ फिरवली. पाच मिनिटं मी तुमचं जहाज काचेपुढे दोन्ही हातांवर धरून उभी होते. तुमच्या वाटची 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटली, माझ्या वाटची म्हटली.

नवस ज्याच्यासाठी त्यानेही हजर असावं म्हणून तिथूनच मेल्विनला व्हिडिओ फोन लावला. एरवी तो लागत नाही. लगेच लागला. तब्येत चांगली दिसली, दाढी वाढलेली, आणि जहाज म्हणाल तर तसूभर हलत नव्हतं. त्यानेही क्रूसाची खूण केली. याविषयी जागा उरली तर खाली लिहीन.

बाहेर आल्यावर तुमच्या भावाने खिशातून कागद काढला. सहीशिवाय पोचवलेला माल तो माल मानत नाही. त्याने लिहिलं: 'मेणाचं जहाज, नग एक, धुराडं किंचित वाकलेलं.' पुढे 'मिळालं' लिहून पहाऱ्यावरच्या बाईकडे नेलं. तिने फहदकडून अर्थ समजून घेतला आणि मानेने नाही म्हटलं. मग त्याने 'मिळालं' खोडून 'दाखवलं, उतरवून घेतलं नाही' असं लिहिलं. त्यावर तिने आनंदाने सही केली. कागद सोबत जोडला आहे, देव्हाऱ्यात ठेवा.

एकूण सफर छान झाली. सर्वांना आमचा नमस्कार, लहानांना पापा.

तुमची नम्र भावजय,
कॉन्सेप्टा

ता. क. उतरवून घेतलं नाही म्हणजे जहाज परत आलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. रागावू नका. पुढचं वाचा आणि मग ठरवा.

ता. क. दुसरा. जागा उरली आहे. त्या व्हिडिओ फोनमध्ये मेल्विनच्या मागे भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्यावर कार्लच्या फीची तारीख लाल पेनने गोल केलेली होती. तो गोल माझ्या हातचा. मी विचारलं, "मेल्विन, कुठे आहेस?" तो म्हणाला, "मामी, शिपवर." मी म्हटलं, "मग शिपवर माझा कुकर काय करतोय?" तेव्हा त्याने फोनसमोरच तोंड झाकलं.

आम्ही निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो फुजैराच्या बंदरात जहाजावरून उतरला आणि थेट आमच्या दारात आला. शेजारच्या शहरबानूकडे आमची चावी असते. ती रत्नागिरीची, जुनी ओळख. ती मला म्हणाली, "भाभी, पोराचा चेहरा पाहिला आणि चावी दिली, भात दिला, विचारलं काय नाय." बाय, जहाजावर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा हात यंत्रावर गुंडाळल्या जाणाऱ्या दोरात सापडला. मेल्विनने तो सोडवला. हात राहिला, पण चार बोटं गेली. तेव्हापासून इंजिन सुरू झालं की मेल्विनचं अंग थरथरतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर जहाजाच्या कॅप्टनने उतरवून दिलं. तीन आठवडे तो आमच्या हॉलमध्ये झोपतो आहे, आता झोप लागते. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं, कारण तुमच्या हॉलमधला त्याचा पांढऱ्या युनिफॉर्ममधला फोटो तुम्ही पाद्रींनाही दाखवता. त्याला परत जायचं नाही. बोटींची, पंपांची इंजिनं दुरुस्त करायची आहेत, पण जमिनीवर उभं राहून.

तुमचा भाऊ म्हणतो, संताने जहाज घेतलं नाही कारण माल आधीच पोचवून झाला होता. मला वाटतं, हजार वर्षं इटलीत राहूनही त्यांचं देम्रेच्या टपालावर लक्ष असावं. तुम्ही मागितलं होतं ते सुखरूप घरी. जहाजाची नोकरी मागितली नव्हतीत. मी तुमचं नवसाचं पत्र पुन्हा काढून पाहिलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हे पत्र तुमच्या शेजारच्या वेन्डीने तुमच्या हातात दिलं असेल. तिला काही विचारू नका, तिला मीच शपथ घातली आहे. पत्र वाचायला तुम्हाला पाऊण तास लागतो हा माझा अंदाज, आणि तेवढा वेळ तुमच्या केळीच्या वाडीत मागच्या बाजूला मेल्विन उभा आहे. मम्मीने हाक मारल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही म्हणतो. तिकडे पाऊस असणार आणि त्याला द्यायला आमच्याकडे छत्रीच नाही, दुबईत ती असते कुणाकडे? बाय, एवढंच मागणं आहे, हाक मारा. रागवायचं तर त्याला आत घ्या, टॉवेल द्या, अंग कोरडं झालं की मग रागवा.